आज रात्री मोबाइल बंद ठेवा

"अगं मास्तरीण, आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद करून लांब ठेवायचाय. कॉस्मिक किरणं येणार आहेत पृथ्वीजवळून. नासानं सांगितलंय."

"नासानं कुणाला सांगितलं, काकू?"

"माझ्या भाचीच्या नणंदेला."

काकूंनी मटारची परात भिंतीवर ठेवली आणि अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. कांचघरातल्या आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. हिवाळ्यात ती भिंत म्हणून कमी आणि ओटा म्हणून जास्त वापरली जाते. पाटण-शहापुऱ्याकडचा मटार जबलपुरात उतरू लागला की इथं किलोनं कुणी घेत नाही, पिशवीनं घेतात, आणि मग घरोघरी सोलणं चालतं. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. गप्पांना याहून चांगला मुहूर्त नाही.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नात सागरच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकते. सुट्टीत येते आणि पुस्तकं इथंच टाकून जाते. निवृत्त माणसाच्या हाती पुस्तक लागलं की पुढचं शेजाऱ्यांना भोगावं लागतं.

"काकू, हा निरोप गेली कित्येक वर्षं फिरतोय. कधी बीबीसीच्या नावानं, कधी नासाच्या. किरणं अजून आलेली नाहीत."

"नसतील आली. पण एक रात्र मोबाइल बंद ठेवल्यानं बिघडतं काय?"

"बिघडत काही नाही. पण तुम्ही तो पुढे किती जणांना पाठवलात?"

काकूंनी एक शेंग जरा जास्तच लक्ष देऊन सोलली. "पाचांना. पाचाहून जास्त जात नाही ते मेलं."

ते पाचावरच का अडतं, हे मला माहीत होतं. तो विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून तेव्हा बोलले नाही.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "तुला नाही समजायचं. सत्त्याण्णवचा भूकंप आम्ही अंगावर काढलाय."

हे खरं आहे. 22 मे 1997, पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. वैशाखातली पौर्णिमा, टिपूर चांदणं, जबलपूरचा उन्हाळा. निम्मा मोहल्ला अंगणात खाटा टाकून झोपला होता, म्हणून वाचला असं काकू सांगतात. धक्का 5.8 चा. उगम शहराच्या आग्नेयेला, कोसमघाटाच्या बाजूला, जमिनीखाली पस्तीसेक किलोमीटरवर. नर्मदेच्या खचदरीतला भूकंप इतका खोलवरचा कसा, यावर भूशास्त्रवाले पुढे बरीच वर्षं लिहीत होते. चाळीसच्या आसपास माणसं गेली, घरं हजारोंनी पडली नि तडकली.

"आम्हाला वाटलं खमरिया उडाली," काकू म्हणाल्या. खमरिया म्हणजे दारूगोळ्याचा कारखाना. जबलपुरी माणसाचा पहिला संशय तिकडेच जातो. तोफांच्या चाचणीचे आवाज ऐकत मोठी झालेली माणसं ही. "तुझे काका तर सायकल काढून निघाले होते ड्यूटीवर जायला. मग लोक म्हणू लागले, भूकंप. मग म्हणू लागले, हा तर छोटा होता, खरा मोठा अमावस्येला येणारे. आम्ही पंधरा दिवस घरात झोपलो नाही."

"अमावस्येला येणार हे कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे... सगळेच म्हणत होते."

"आणि ज्यांची घरं पडली, ते काय म्हणत होते?"

काकू थांबल्या. हात परातीतच राहिला. "माझ्या मामेबहिणीचं घर पडलं होतं ना, पार गिलाव्यासकट. ती काही म्हणत नव्हती. तिला ताडपत्री पाहिजे होती. अमावस्येचं मी तिला सांगायला गेले तर माझ्यावरच ओरडली."

मी भिंतीला टेकले. नातीच्या पुस्तकात जे वाचलं होतं, ते काकू मटार सोलता सोलता सांगत होत्या.

"काकू, हीच गोष्ट 1934 साली बिहारात झाली. आणि एका माणसानं ती लिहून ठेवली."

15 जानेवारी 1934, भर दुपारी बिहार आणि नेपाळ हादरले. दहा हजारांवर माणसं गेली. हा देवानं दिलेला दंड आहे, अस्पृश्यतेच्या पापाचा, असं खुद्द महात्मा गांधी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्यांना जाहीर विरोध केला, तो हाच भूकंप. ही दोन मोठी माणसं वाद घालत होती तेव्हा जमुना प्रसाद नावाचे एक मानसशास्त्रज्ञ लोकांच्या तोंडच्या अफवा टिपून घेत होते. पाटण्यात अमुक तारखेला भयंकर वादळ होणार. ग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार. 23 जानेवारी हा दिवस घातवार आहे. नेपाळच्या सरहद्दीकडून पुराचा लोंढा सुटलाय.

"अगदी आमच्यासारखं!" काकू म्हणाल्या. जुन्या ओळखीचं कुणी भेटावं तसा आनंद त्यांच्या आवाजात होता.

"पुढचं ऐका. या अफवा कुठे जमवल्या? जिथं जमीन हलली, पण पडझड झाली नाही, तिथं. घर शाबूत, माणसं शाबूत. पण छातीत धडधड तर बसलीच."

प्रसादांचा लेख 1935 साली इंग्लंडातल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला आणि मग पडून राहिला. पंधराएक वर्षांनी अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर नावाचा प्राध्यापक लोकांच्या आपसातल्या बोलण्याविषयीचं जुनं संशोधन चाळत होता. हा लेख वाचताना तो अडला. माणूस सुखाचं तेवढं मानतो, असं आपण समजतो. मग एवढा मोठा भूकंप डोक्यावरून टळून गेलेली माणसं सुटकेचा श्वास टाकायचा सोडून आणखी भयंकर गोष्टींवर विश्वास का ठेवतात?

"का ठेवतात?"

"तुम्ही सांगा. पंधरा दिवस अंगणात तुम्ही झोपला होतात."

काकूंनी विचार केला. हे मला फार आवडतं त्यांचं. प्रश्न विचारला की खरोखर विचार करतात. "घर तर धड उभं होतं," त्या हळूहळू म्हणाल्या, "भिंतीला एवढेसे तडे गेलेले. पण आत पाऊल ठेववत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, काय झालंय एवढं घाबरायला? मला उत्तर सुचायचं नाही. मग अमावस्येचं कळलं तेव्हा... बरं वाटलं म्हण."

"हेच फेस्टिंगर म्हणाला. त्या अफवांनी भीती आणली नाही. भीती आधीच आलेली होती, तिला कारण सापडत नव्हतं. बाहेर बघावं तर सगळं ठीक आणि आतून थरथर. हे दोन्ही एकत्र माणसाला सोसत नाही. मग तो भीतीला शोभेल अशी गोष्ट शोधतो. ज्याचं घरच पडलं, त्याला अशी गोष्ट शोधावी लागत नाही. 1950 साली दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. दुर्गानंद सिन्हा या मानसशास्त्रज्ञानं प्रत्यक्ष झळ लागलेल्या माणसांचं बोलणं टिपलं, तर त्यात असलं पुढचं भाकीत, असली वाढवण जवळजवळ सापडलीच नाही."

"ताडपत्री," काकू म्हणाल्या.

"ताडपत्री."

फेस्टिंगरचं पुस्तक 1957 साली आलं. मनातल्या विसंगतीचा त्याचा सिद्धांत आज जगातल्या प्रत्येक मानसशास्त्राच्या वर्गात शिकवतात. त्याचं बीज बिहारातल्या बायाबापड्यांच्या बोलण्यात होतं, हे त्यानं पुस्तकात लिहिलंय. शिकवणाऱ्यांच्या तोंडून मात्र ते क्वचित ऐकू येतं. नातीला मी विचारलं तर म्हणाली, आजी, परीक्षेला फेस्टिंगर येतो, प्रसाद येत नाहीत.

"माझ्या लहानपणी कऱ्हाडला असंच झालं होतं," मी म्हटलं. कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचारनंतरचा. मी नऊ वर्षांची होते. आमच्या आळीत कुणीतरी ओरडलं, धरण फुटलं! आणि अख्खी आळी अंधारात उंचावर पळाली. धरण फुटलं नव्हतं. पण सहाच वर्षांपूर्वी पानशेत फुटून पुणं वाहून गेलेलं. प्रत्येकाच्या मनात पाणी होतंच. हादरा भूकंपाचा, आणि आम्ही पळत होतो पानशेतच्या पाण्यापासून.

तेवढ्यात काका बाहेर आले. काका गन कॅरिज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. रोज सकाळी चौकातल्या टपरीवर चहा घ्यायला जातात आणि दोन तासांनी येतात. चहा दोन घोटांचा.

"काय चाललंय? चुगल्या?"

"संशोधन," काकू म्हणाल्या.

"हॅ! बायकांच्या गप्पांवर कुणी संशोधन करतं होय?"

आता हे काका स्वतःहून सापळ्यात आले. 2019 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या मेगन रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 467 माणसांच्या बोलण्याचे नमुने तपासले. ती माणसं दिवसभर अंगावर ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र बाळगत, ते मधूनमधून आपसूक चालू होई. हजर नसलेल्या माणसाविषयीचं बोलणं म्हणजे गप्पा, अशी त्यांची व्याख्या. दिवसाला सरासरी 52 मिनिटं निघाली. त्यातली तीन चतुर्थांश ना चांगली ना वाईट, नुसतीच माहिती: अमक्याची बदली झाली, तमकीचं बाळंतपण जवळ आलं. बायका ही साधी माहिती पुरुषांहून थोडी जास्त देतात. पण वाईट बोलण्यात बायका नि पुरुष अगदी बरोबरीचे.

"बावन्न मिनिटं!" काकूंनी काकांकडे पाहिलं. "आणि टपरीवर दोन तास!"

"आम्ही राजकारण बोलतो."

"मोदी टपरीवर हजर असतात का? नाही ना? मग त्या गप्पाच."

काका खुर्ची घेऊन बसलेच. गन कॅरिजच्या माणसाला मोजमापाशिवाय काही पटत नाही, हे चांगलं आहे. त्यांनी लगेच शंका काढली: ही सगळी मापं गोऱ्यांची, आपल्याला ती कशी लागू? शंका बिनतोड. 2010 साली जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सोबत्यांनी हेच दाखवलं, की मानसशास्त्रातले प्रयोग ज्यांच्यावर होतात त्यातली बहुतेक सारी माणसं पाश्चात्त्य, श्रीमंत देशांतली, त्यातही कॉलेजातली पोरं. आणि निष्कर्ष मात्र सगळ्या मानवजातीच्या नावानं छापले जातात. म्हणून तर मला प्रसाद आणि सिन्हा यांचं अप्रूप. त्यांनी प्रयोगशाळेत कुणाला बोलावलं नाही. माणसं जिथं घाबरली तिथलंच बोलणं त्यांनी टिपलं.

याउलट ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांचा 1947 सालचा प्रयोग घ्या. एकाला चित्र दाखवायचं, त्यानं दुसऱ्याला वर्णन सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पाच-सहा तोंडांत बारीकसारीक तपशिलातला सत्तर टक्के भाग गळून जातो, असं त्यांना दिसलं. काकूंना हे मुळीच पटलं नाही. "गळतो? आमच्या मोहल्ल्यात वाढतो!" आणि मला वाटतं काकूच बरोबर आहेत. प्रयोगातल्या माणसांना चित्राशी काही देणंघेणं नव्हतं. ज्या बातमीशी आपला जीव अडकलाय, तिला प्रत्येक घर आपली फोडणी देतं. मात्र त्याच दोघांनी सांगितलेलं एक सूत्र मला पटतं: गोष्ट जितकी महत्त्वाची आणि जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. दोन्हींपैकी एक शून्य झालं की अफवा मेली.

"मग अष्टग्रहीचं काय?" काकूंनी मध्येच विचारलं.

फेब्रुवारी 1962. मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले आणि आता प्रलय होणार म्हणून देशभर यज्ञ झाले. काकू तेव्हा पंधरा वर्षांच्या. त्यांच्या घरी परीक्षेचा अभ्यास बंद, कारण जगच बुडणार तर बीजगणित कशाला.

"पाच तारीख उलटली, काहीच झालं नाही. मी म्हटलं, आता बाबा चिडतील त्या भटजीवर. उलट त्यांनी दक्षिणा वाढवली! म्हणाले, यज्ञ केले म्हणून टळलं."

यावरही फेस्टिंगरनं आधीच काम करून ठेवलं होतं. शिकागोजवळच्या एका बाईला परग्रहावरून निरोप येत, की 21 डिसेंबर 1954 ला महापूर येऊन सगळं बुडेल. तिच्याभोवती थोडी माणसं जमली; काहींनी नोकऱ्या सोडल्या. फेस्टिंगरनं आपली माणसं भक्त म्हणून आत घुसवली. पूर आला नाही. तेव्हा निरोप आला, तुमच्या श्रद्धेमुळे जग वाचलं. आणि तोवर वर्तमानपत्रवाल्यांना टाळणारी ती मंडळी स्वतःच त्यांना फोन करू लागली. 1956 साली त्यावर पुस्तक निघालं.

"थोडीशी माणसं, आणि त्यात प्राध्यापकाचे हेर?" काका म्हणाले. "मग निम्मे भगत तर त्याचेच! त्यांना बघूनच बाकीच्यांची श्रद्धा वाढली असेल."

फेस्टिंगरवर ही टीका खरोखरच झाली आहे. काकांना मी तसं सांगितल्यावर ते दिवसभर खुशीत होते.

मग मी ते पाचाचं सांगितलं.

काकूंचा निरोप पाचांपुढे जात नाही, ते 2018 पासून. त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरताहेत असे निरोप देशभर फिरत होते. 1 जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षुकीवर पोट असलेले. मुलं पळवणारे समजून जमावानं त्यांना ठेचून मारलं. त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचांनाच निरोप पुढे पाठवायची मर्यादा घातली.

कुणी काही बोललं नाही. काकूंनी पदरानं हात पुसले.

"माझा निरोप किरणांचा होता," त्या म्हणाल्या. "माणसांचा नव्हता."

"हो काकू. पण वाट तीच आहे."

अफवा फिरायला मोबाइल लागत नाही, हेही खरं. याच मुलखात जानेवारी 1857 मध्ये गावोगाव चपात्या फिरल्या. एका गावच्या कोतवालानं पुढच्या गावाला द्यायच्या, त्यानं आणखी करून पुढे. जबलपूरचा कमिशनर अर्स्किन यानं ते लिहून ठेवलंय. चपाती कुणी पाठवली, तिचा अर्थ काय, हे कुणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. पिठात हाडांची पूड आणि तुपात चरबी मिसळतात, ही आवई त्याच सुमाराला उठलेली. इंग्रज तिला अडाणीपणा म्हणत राहिले. पण लोकांची भीती कारणाशिवाय नव्हती. राज्यं खालसा होत होती, जमिनी जात होत्या. त्याच वर्षी 18 सप्टेंबरला याच शहरात गोंड राजा शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. हाडांची पूड खोटी असेल. तोफ खरी होती.

म्हणून अफवेला नुसतं खोटं म्हणून भागत नाही, असं मला वाटतं. शाळेत असताना मी तेच करायचे: खोटं आहे, खाली बसा. पोरगं खाली बसायचं, पण मधल्या सुट्टीत तीच गोष्ट पुन्हा सांगायचं. 2017 मध्ये दिल्ली-राजस्थानाकडे रात्री बायकांच्या वेण्या कापल्या जातात अशी बोंब उठली, तेव्हा आमच्या गल्लीतली एक मुलगी महिनाभर डोक्याला फडकं बांधून झोपत होती. तिला सगळ्यांनी हसून घेतलं. तिला अंधारात कशाची भीती वाटते, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"बरं, मग आता त्या पाचांना काय लिहू?" काकूंनी मोबाइल पुढे केला. "खोटं आहे म्हणून लिहिलं तर भाचीची नणंद रुसेल."

"तिला विचारा, रात्री झोप लागत नाही का? काही काळजी आहे का?"

काकूंनी बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं. लगेच टिंग वाजलं. नणंदेच्या नवऱ्याची शस्त्रक्रिया होती, परवा, नागपूरला. तिनं अजून माहेरी सांगितलेलं नव्हतं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या आणि चष्मा वर सरकवून फोन लावू लागल्या. "उचल गं, उचल... हॅलो? अगं, डबा कोण देणारे तुम्हाला तिकडे?"

काका उठले, भिंतीवरची मटारची परात उचलून आत घेऊन गेले.